तिसऱ्यानं हौ म्हटलंच नव्हतं

अंजनाला राग आला की तिचा आवाज चढत नसे, उतरत असे. तिच्या सासूबाईंना, कमलाबाईंना, हे कळायला लग्नानंतर तीन वर्षं लागली होती. म्हणून शनिवारी दुपारी ओसरीवरून "हे कोनं लिवलं?" असा जेमतेम ऐकू येणारा प्रश्न आला, तेव्हा त्यांनी हातातलं सूप खाली ठेवलं आणि त्या दाराशी येऊन उभ्या राहिल्या.

समोर खुर्चीच्या अगदी कडेला नागसेन बसला होता. भरवेलीच्या खाण कॉलनीतला पोरगा. मोटरसायकल फाटकाशी, हेल्मेट मांडीवर. तो आणि अंजना नागपूरच्या एकाच लहानशा कंपनीत कामाला होते. राईस मिलच्या बॉयलरवर नजर ठेवणारे कंट्रोलचे डबे ही कंपनी बनवायची. अंजना बालाघाटच्या घरातूनच त्या डब्यांचं कर्नेल तपासायची. कर्नेल म्हणजे यंत्राचा गाभा, बाकी सगळं ज्याच्या खांद्यावर चालतं तो. नागसेन पंप चालवणारा कोड लिहायचा आणि तयार झालेला प्रत्येक डबा गिऱ्हाइकाकडे जाण्याआधी आपल्या टेबलावर ठोकून-बडवून पाहायचा.

अंजनाच्या हातात दोन पानांचा अहवाल होता. दहा दिवसांपूर्वी राजेगावकडच्या एका गिरणीत असाच एक डबा चालता चालता कोसळला होता. पंप थांबला, वाफ चढली, आणि प्रेमलाल नावाच्या मजुरानं हातानं व्हॉल्व फिरवून बॉयलर वाचवला. त्याचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. अहवालात लिहिलं होतं: कारण, पंपाचा कोड. लेखक, नागसेन गजभिये. आणि खाली, क्रॅशची नोंद घेणारा कोड विश्वसनीय, तपासणारी, अंजना टेंभरे, आक्षेप नाही.

"ताई," नागसेन म्हणाला, "तुमी तपासलं का नाई, येवढंच सांगा. तपासलं असंन तर मी गुपचूप घरी जातो. सोमवारी हा कागद मंजूर होते, मंगळवारी मले काढते. मी काई बोलत नाई. पन तुमी तपासलं असंन तरच."

"मी हे पायलंबी नाई."

"मंग नाव कसं आलं?"

नाव कसं आलं ते अंजनाला त्याच क्षणी कळलं होतं, आणि कळलं म्हणूनच तिचा आवाज आणखी खाली गेला होता.

दर सोमवारी सकाळी अंघोळ झाल्यापासून बारा वाजता महादेवाला नैवेद्य दाखवेपर्यंत ती बोलत नसे. अकरा वर्षं. आणि मौन म्हणजे मौन. हातवारे नाहीत, चिठ्ठी नाही, फोनवर दोन अक्षरं टाइप करणंही नाही. बोटानं बोललेलं बोलणंच असतं, असं कमलाबाईंनी पहिल्याच सोमवारी सांगून ठेवलं होतं. कंपनीत सगळ्यांना हे ठाऊक होतं. तिचा टीम लीड धर्मेंद्र सुरुवातीला सोमवारच्या मीटिंगा दुपारी ठेवायचा. मागच्या सोमवारी मात्र त्यानं साडेदहाची ठेवली. अंजना हजर राहिली, ऐकत राहिली. शेवटी त्यानं विचारलं होतं, "अंजनाजी, क्रैश दर्ज करने वाले नए कोड पर कोई आपत्ति?" आणि स्वतःच हसून म्हणाला होता, "मौनं संमतिलक्षणम्!" बाकीचेही हसले होते. तिला वाटलं, थट्टा आहे. थट्टा नव्हती, तो लिहून घेत होता.

"प्रेमलालची बायको आमच्या मायले बजारात भेटली," नागसेन हेल्मेटची पट्टी सरळ करत म्हणाला. "सगळ्याइच्या समोर म्हने, तुह्या पोरानं माह्या मानसाचा हात जाळला. माय तवापासून बजारात गेली नाई. आता मलेबी समजत नाई ताई, मी जाळला का नाई."

"कागद इथंच ठेव," अंजना म्हणाली. "आन् राजेगावचा तो डबा तू कधी तपासला होता?"

"गिरणीले धाडाच्या दोन दिवस आधी."

"त्याची नोंद असंन ते पाठव."

तो गेल्यावर कमलाबाई पुढं आल्या. "काय झालं वो?"

"माह्या नावानं दुसऱ्यानंच हौ म्हटलं, आई."

तिनं तो नोंद घेणारा कोड उघडला. एकशे चाळीस ओळी, धर्मेंद्रनं स्वतः लिहिलेल्या. रागात वाचू नये, हे तिला माहीत होतं. रागात माणूस चूक शोधत नाही, माणूस शोधतो. म्हणून तिनं आधी हातपाय धुतले, देवापुढं दोन मिनिटं बसली, आणि मग पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. राग काही गेला नाही. पण तो खुर्चीत नीट बसला.

त्या डब्यात चार प्रोसेसर. एका शेतात राबणारे चार भाऊ समजा. त्यातला एक कोसळला, की पडता पडता त्यानं बाकी तिघांना हाक मारायची: जिथं असाल तिथं थांबा, कुठं उभे आहात आणि हातात काय आहे ते आपापल्या पानावर लिहा, आणि हौ म्हणा. ही पानं वीज गेली तरी न पुसणाऱ्या जागेत राहतात. यंत्र पुन्हा उठतं, आणि माणसं सावकाश ती पानं वाचून ठरवतात की त्या घटकेला कोण काय करत होता.

आता हाक मारणाऱ्यानं थांबायचं किती? स्वतःच पडत असलेला तो. फार थांबू शकत नाही. धर्मेंद्रनं एक सेकंद दिला होता. तिथवर ठीक होतं. पण एका सेकंदात कोणाचा हौ आला नाही तर? अंजना त्या ओळीपाशी आली आणि थबकली. तिथं काहीच विचारलेलं नव्हतं. सेकंद संपला की चारही पानांवर सरसकट शिक्का: थांबला, नोंद पूर्ण. ज्यानं हौ म्हटलं त्याच्या पानावर, आणि ज्यानं म्हटलं नाही त्याच्याही. वर धर्मेंद्रची टीप होती, रोमन लिपीतली हिंदी: यहाँ तक आए, मतलब सब रुक ही गए होंगे.

"रुक ही गए होंगे," ती पुटपुटली. "थांबले असतीलच. हा 'च' कोनं देला याले?"

कमलाबाई शेजारी तांदूळ निवडत होत्या. अंजनानं त्यांना चार भावांची गोष्ट सांगितली. त्यांना समजायला वेळ लागला नाही.

"म्हंजे ग्रामसभेचं रजिस्टर," त्या म्हणाल्या. "माह्या माहेरी, लालबर्ऱ्याकडं, एक बाबू होता. मेलेल्याइचाबी अंगठा घेऊन ठेवत जाय. आमचा काका वरून येऊन सभेले बसत होता, तीन वर्सं."

अंजनाला हसू आलं नाही. एरवी आलं असतं.

रविवारी सकाळी नागसेननं पाठवलेली नोंद आली. डबा धाडण्याआधी तो मुद्दाम पाडून पाहिला जातो, पडल्यावर नीट उठतो की नाही ते बघायला. त्या चाचणीत तिसरा प्रोसेसर पंपाच्या कोडमध्ये होता, कारण नागसेन पंपच चालवून पाहत होता. अंजनानं ती नोंद डावीकडं ठेवली आणि गिरणीतल्या अपघाताची उजवीकडं. प्रोसेसरच्या पानावर एकतीस खण असतात, प्रत्येकात एक लांबलचक आकडा. चालत्या यंत्रात हे आकडे क्षणाक्षणाला बदलतात. त्याच जागी उभा राहिलेला तोच प्रोसेसरही दोनदा तेच एकतीस दाखवणं शक्य नाही. ती बोट ठेवून एकेक खण वाचत गेली. पहिला सारखा. दुसरा सारखा. नवव्या खणाला तिचे कान तापले. एकतिसाव्यापर्यंत गेली, आणि पुन्हा उलटी पहिल्यापर्यंत आली.

एकतीसच्या एकतीस तेच.

राजेगावच्या गिरणीत तिसऱ्यानं हौ म्हटलंच नव्हतं. तो कुठंतरी असा अडकला होता की हाक त्याच्या कानी गेली नाही. त्याच्या पानावर नागसेनच्या टेबलावरचं जुनं लिहिणं तसंच राहिलं होतं, कारण नवी हाक मारण्याआधी जुनं पान पुसायचं असतं हेही धर्मेंद्रनं लिहिलं नव्हतं. आणि त्या शिळ्या पानावर कोडनं ताजा शिक्का मारला. प्रेमलालचा हात भाजला त्या घटकेला नागसेनचा कोड तिथं उभा होता, असं एक कागद म्हणत होता. आणि कागद खरा आहे असं अंजना टेंभरे म्हणत होती.

तिनं धर्मेंद्रला सगळं सविस्तर लिहिलं, दोन्ही नोंदी जोडल्या, आणि शेवटी लिहिलं: माझं नाव काढा, अहवाल थांबवा. तासाभरात उत्तर आलं. 'बहुत बढ़िया काम, अंजनाजी. कल सुबह साढ़े दस की मीटिंग में घनश्यामजी रहेंगे, वहीं आप अपनी बात रखिए.' पुढं हात जोडल्याचं चित्र.

कंपनीचे मालक घनश्यामजी लिहिलेलं वाचत नसत; समोर बोललेलं ऐकायचे आणि तिथंच निकाल द्यायचे. रविवारी ते फोनही उचलत नसत. अंजनानं तीनदा लावून पाहिला. मग तिनं ते हात जोडल्याचं चित्र पुन्हा पाहिलं. याला माहीत आहे. साडेदहाला तोंड मिटलेलं असणार हे माहीत आहे, म्हणूनच तो म्हणतोय, आपली बाजू मांडा. माझ्या देवाला यानं आपला चौकीदार करून ठेवलं.

"आई, उद्या मी बोलनार हाय," संध्याकाळी दिवा लावताना ती म्हणाली.

कमलाबाईंचा हात वातीवर थांबला. "अकरा वर्सांचा नेम हाय."

"हौ."

"मोडू नको. मी सांगतो तसं कर. नैवेद्य नऊ वाजताच दाखवू. मंग मौन सुटलं. महादेव काय घड्याळ लावून बसला हाय?"

सोपं होतं ते. नेमही राहिला असता, कामही झालं असतं.

"नाई आई. हे धर्मेंद्रसारखंच झालं. झालं नाई ते झालं म्हनून शिक्का मारायचा. मोडनार हाय तर मोडलंच म्हनंन."

"मले शिकवू नको."

"तुमीच शिकवलं," अंजना म्हणाली, आणि तिचा आवाज अगदी खाली होता. कमलाबाईंनी काडीपेटी जरा जोरात ठेवली.

सोमवारी तिनं नेहमीसारखी अंघोळ केली, बेल वाहिला, तोंड मिटलं. साडेदहाला पडद्यावर सहा चौकोन उघडले. एकात घनश्यामजी, मागं गणपतीचा फोटो. एकात नागसेन, इस्त्रीचा शर्ट घालून, परीक्षेला बसल्यासारखा. धर्मेंद्रनं अहवाल भराभरा वाचून दाखवला. तिसरा प्रोसेसर पंपाच्या कोडमध्ये अडकला. नोंद स्पष्ट आहे. नोंद घेणारा कोड तपासलेला आहे. आजच तो बाकीच्या सतरा गिरण्यांनाही पाठवतो.

"अंजनाचं काय म्हणणं?" घनश्यामजींनी विचारलं.

"उनका तो आज मौन है. पिछली बार भी कोई आपत्ति नहीं थी."

"आहे," अंजना म्हणाली.

कोणीतरी खोकलं. धर्मेंद्रचा चौकोन हललाच नाही. क्षणभर वाटलं नेट गेलं.

"जोरात बोल बेटा," घनश्यामजी म्हणाले. "आवाज येऊन नाही राह्यला."

"आवाज येवढाच हाय, घनश्यामजी. तुमी कान जवळ आना."

मीटिंगमध्ये ती नेहमी हिंदी बोलायची, सांभाळून, अदबीनं. आज घरची भाषा आली, आणि तिनं ती येऊ दिली.

"धर्मेंद्रजी, मागच्या सोमवारी माह्या नावापुढं आक्षेप नाई लिवलं. मी काय म्हटलं होतं?"

"आपने कुछ कहा नहीं था."

"मंग 'काई म्हटलं नाई' असं काहून नाई लिवलं?"

"अरे, बात वही तो हुई…"

"वही नाई. बोलली नाई आन् हौ म्हटलं, यात एका मानसाच्या नोकरीएवढं अंतर हाय."

"मज़ाक में कहा था, अंजनाजी. मौनं संमति…"

"ते सोयरिकीत चालते. कर्नेलमध्ये नाई चालत."

तिनं दोन्ही पानं पडद्यावर लावली. डावीकडं नागसेनच्या टेबलावरचं, उजवीकडं गिरणीतलं. घनश्यामजींना म्हणाली, तुम्ही वाचा, मोठ्यानं. ते चष्मा लावून वाचू लागले, आधी कंटाळून, मग हळूहळू. सातव्या आकड्यापर्यंत आले आणि थांबले.

"हे तर दोन्हीकडं सेम आहे."

"एकतीस हायेत. सगळे सेम. हे पान त्या दिवसाचं नाहीच. तिसऱ्यानं उत्तर देलं नाई, आन् कोडनं त्याच्या नावानं देऊन टाकलं. याच्यावरून तुमी या पोराले काढून राह्यले."

"म्हणजे नागसेनची चूक नाही?"

नागसेननं मान वर केली. त्याच्याकडं पाहायचं नाही असं अंजनानं ठरवलं होतं, तरी नजर गेलीच.

"मले माहीत नाई," ती म्हणाली. "असंनबी. नसंनबी. कोनालेच माहीत नाई. तिसरा तवा कुठं होता हे कोठंच लिवलेलं नाई. खरं एकच वाक्य लिवता येते: तिसऱ्याचं उत्तर आलं नाई. हा कोड सतरा गिरण्यांत गेला तर पुढच्या बारीलेबी असंच होईन. हात कोनाचातरी भाजंन, आन् नाव भलत्याचं येईन."

"मैं ठीक कर देता हूँ," धर्मेंद्र घाईनं म्हणाला, "दो लाइन का काम है. इतना बड़ा इश्यू…"

"आधी माह्यं नाव काढा."

"हाँ हाँ, मीटिंग के बाद…"

"आता. माह्यासमोर."

घनश्यामजींनी मान डोलावली. धर्मेंद्रनं अहवाल पडद्यावर उघडला. सगळे पाहत राहिले; कर्सरची बारीक काळी रेघ तिच्या नावाच्या शेवटाशी जाऊन उभी राहिली आणि एकेक अक्षर खात मागं सरकू लागली. अंजनाला वाटलं होतं आता बरं वाटेल. तसं काही वाटलं नाही.

"गिरणीवाल्याला काय सांगू मी?" घनश्यामजींनी विचारलं.

"कारन सापडलं नाई, शोधून राह्यलो, असं सांगा. तोवर बॉयलरपाशी मानूस बसवा म्हना. आन् प्रेमलालच्या घरी कोनीतरी जाऊन सांगा का नागसेनचं नाव पुराव्याबिना लिवलं होतं. फोन नाई. जाऊन."

"धर्मेंद्र जाईल," घनश्यामजी म्हणाले. एवढंच. मग ते उठले, आणि चौकोन एकेक करून विझले.

कमलाबाई दारातच होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्या चुलीकडं वळल्या. बारा वाजता अंजनानं नैवेद्य दाखवला, आणि देवाला सांगितलं ते मोठ्यानं, सासूबाईंना ऐकू जाईल असं: आज मोडलं. साडेदहाला. जाणूनबुजून.

तीन वाजता फाटकाशी मोटरसायकल थांबली. नागसेन आत आला, पण बसला नाही.

"काढत नाई म्हने," तो म्हणाला. "घनश्यामजीचा फोन आलता."

"बरं झालं."

"हौ." तो ओसरीच्या खांबापाशी उभा राहिला. "ताई, 'असंनबी' काहून म्हटलं? सगळ्याइच्या समोर?"

"कारन ते खरं हाय."

"आन् मागच्या सोमवारी? तवाबी होत्या न तुमी मीटिंगमदी? माह्यं नाव घेतलं तवा?"

अंजनानं त्याच्याकडं पाहिलं. दोन दिवस ती धर्मेंद्रवर धुमसत होती, आणि या एका प्रश्नाभोवती मोठा वळसा घालून चालत होती.

"होती. आयकलं होतं. मले खटकलंबी होतं, नोंद येवढी साफ कशी म्हनून. म्हटलं बारा वाजले का विचारू. बारा वाजले, दुसरं काम निघालं. मी विचारलंच नाई."

"आठ दिवस गेले ताई. माय आठ दिवस…" त्याचा आवाज चढला. तिच्या घरात, तिच्या सासूसमोर चढला, आणि त्यानं तो आवरला नाही. "तुमचा देव, तुमचा नेम, समदं ठीक हाय. मी काई म्हनत नाई. पन आज मोडलं ते तवा नसतं मोडलं जात?"

"गेलं असतं," अंजना म्हणाली. "माह्या नेमाचा दोष नाई त्यात. माह्याच."

माफ कर म्हणायला तिचे ओठ हलले होते, पण तो शब्द आत्ता त्याच्या हातात ठेवला तर त्याला तो परत करावा लागेल, ठीक आहे ताई म्हणावं लागेल. तेवढंही ओझं तिला त्याच्यावर घालायचं नव्हतं. ती उभी राहिली, आणि त्याला रागवू दिलं.

बऱ्याच वेळानं त्यानं खिशातून पेन ड्राइव्ह काढून तिच्यापुढं धरला.

"पंपाचा कोड हाय. पूरा. बाराशे ओळी. माह्यात चूक हाय का नाई, मले समजलं पायजे. मायले सांगाचं हाय. धर्मेंद्र नाई, तुमीच तपासा. आन् माह्या तोंडाकडं पाहून सूट नका देऊ."

"नाई पाहत," ती म्हणाली.

तो गेल्यावर तिनं खुर्ची ओढली आणि पहिली ओळ वाचली. मग दुसरी. कमलाबाईंनी चहाचा कप तिच्या उजव्या हाताशी न आपटता ठेवला. बाविसाव्या ओळीत तिला एक चूक दिसली. लहान होती, प्रेमलालच्या हाताशी तिचा काही संबंध नव्हता. तरी तिनं ती लिहून काढली, पुढं ओळीचा आकडा घातला, आणि तेविसाव्या ओळीकडं वळली.